जुळे शब्द

८ जुलै १९७३, परभणी

झरीहून निघताना चांगुणा वहिनी म्हणाली होती, "तिकडं मनातलं कोणापाशी बोलशील? कशात तरी लिहीत जा." वहिनीला स्वतःला सहीपलीकडं लिहिता येत नाही. पण मी अकरावीपर्यंत पोचले ती तिच्यामुळंच. माझ्या वाटणीचं निंदण-खुरपण तिनं केलं आणि मी शाळेत गेले. म्हणून तिचं ऐकून ही वही सुरू करत आहे.

नर्सिंगच्या शाळेत येऊन आठवडा झाला. खोलीत आम्ही दोघी. दुसरी कावेरी, गंगाखेडची. तिचे वडील गोदावरीच्या घाटावर पूजा सांगतात. मला वाटलं, आता ही माझं आडनाव विचारणार आणि ताट उचलून पलीकडं जाऊन बसणार. तिनं आडनाव विचारलं, आणि माझ्या डब्यातला ठेचा उचलून आपल्या भाकरीवर घेतला. "आमच्याकडं असला जहाल करत नाहीत," म्हणाली आणि डोळे पुसत पुसत सगळा संपवला. तिचे आभार मानावेत असं फार वाटलं. पण मानले असते तर मला कशाची भीती वाटली होती तेही सांगावं लागलं असतं.

वहीच्या पुठ्ठ्यावर मी ऐटीत इंग्रजीत 'माय डायरी' लिहिलं होतं. कावेरीनं वाचलं आणि गंभीरपणे विचारलं, "म्हशी किती आहेत गं तुझ्या? दूध कुठं घालतेस?" आय आणि ए यांची जागा बदलली होती. डायरीची डेअरी झाली होती. खोडून नीट केलं, पण खाडाखोड दिसते.

२१ जुलै

इथं सगळं इंग्रजीत. पुस्तकं इंग्रजी, फळा इंग्रजी, वॉर्डातला रिपोर्टही इंग्रजी. शिकवणारी सिस्टर केरळातली आहे. नाव एलियाम्मा. लहान मुलांचा वॉर्डही तिच्याकडंच आहे. अंगानं बारीक, डोळ्यांना चष्मा, चालणं भरभर, आणि साडीला इतकी खळ की ती यायच्या आधी साडीचा आवाज येतो. खेड्यातल्या बायांच्या तोंडात तिचं नाव बसत नाही. त्या तिला 'यल्लम्मा सिस्टर' म्हणतात. परवा एका म्हातारीनं वॉर्डातच तिच्या पाया पडून कपाळाला कुंकू लावलं. सिस्टर दिवसभर ते कुंकू लावून हिंडली. काय झालं ते तिला कळलं नव्हतं आणि सांगायची आमची छाती झाली नाही.

आज माझा रिपोर्ट तिनं वर्गात वाचला. चार नंबरचा पेशंट सकाळपर्यंत शांत होता, असं मला लिहायचं होतं. सिस्टर वाचता वाचता थांबली.

"क्वाइट व्हॉट?" ती म्हणाली.

मी उभी राहिले.

"क्वाइट गुड? क्वाइट बॅड? क्वाइट डेड? टेल मी, क्वाइट व्हॉट?"

मग तिनं फळ्यावर लिहून दाखवलं. शांत म्हणायचं तर ई आधी, टी शेवटी. टी आधी आणि ई शेवटी आली की अर्थ होतो 'बऱ्यापैकी'. म्हणजे मी लिहिलं होतं की पेशंट सकाळपर्यंत बऱ्यापैकी होता. बऱ्यापैकी काय, ते राहून गेलं. सगळ्या मुली हसल्या. कावेरी हसली नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. तिला हसू दाबता येत नाही म्हणून ती बाहेर बघते, हे मला आता माहीत झालं आहे. तरी बरं वाटलं.

१२ ऑगस्ट

सिस्टरनं सांगून टाकलं: जानेवारीत पहिली परीक्षा. जी इंग्रजीत नापास, तिनं ट्रंक भरायची.

मी घरी परत गेले तर बा काही बोलणार नाही. ते मला जास्त जड आहे. बोलला असता तर ऐकून घेतलं असतं. आणि भाऊ तर वसमतच्या स्थळाचं आत्तापासूनच बोलायलाय.

वर्ग सुटल्यावर सिस्टरनं मला थांबवलं. रोज ड्यूटी सुटली की तिच्या क्वार्टरवर यायचं. सुट्टीच्या दिवशीही. म्हणजे शिक्षाच. बाकी कोणाला नाही, मला एकटीला.

२० ऑगस्ट

सिस्टरच्या खोलीत एक खाट, एक टेबल, भिंतीवर क्रूस आणि सगळीकडं खोबरेल तेलाचा वास. ती कागदावर दोन शब्द शेजारी शेजारी लिहिते. दोन्ही जुळ्या भावांसारखे. मी प्रत्येकाचं वाक्य करायचं. चुकलं की ती कपाळावर हात मारून "आय्यो" म्हणते. आज किती वेळा म्हणाली ते मोजणं मी सोडून दिलं.

पेशंटचा पाय जाईल असं म्हणायला गेले, तर एक ओ जास्त पडला आणि पेशंटचा पाय सैल झाला. पेशंटनं औषध घेतलं असं लिहायला गेले, तर अ‍ॅक्सेप्टचं एक्सेप्ट झालं आणि औषध सोडून बाकी सगळं घेतलं असा अर्थ निघाला. श्वास आणि श्वास घेणं यांत एका ई चा फरक. ती ई तोंडानं म्हणायचीसुद्धा नाही, नुसती लिहायची. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. ज्या लोकांनी एवढं राज्य केलं त्यांना थोडे आणखी वेगळे शब्द बनवायला काय झालं होतं?

सिस्टरनं पाणी बघितलं. तिनं डब्यातून केळ्याचे वेफर काढून माझ्या पुढ्यात ठेवले. खोबरेल तेलात तळलेले. मला तो वास सोसत नाही, पण खाल्ले. खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "अगेन."

तिला माझा राग येतो हे नक्की. नाहीतर कावेरीला का बोलावत नाही? कावेरीला सगळं येतं, तिला शिकवणं किती सोपं.

तरी वेफरांबद्दल आभारच मानायला पाहिजेत.

२ सप्टेंबर

ऑफिसातले बन्सीधर क्लार्क पक्की खबर घेऊन आले. एलियाम्मा सिस्टरला कुवेतच्या दवाखान्यात नोकरी लागली आहे. ऑक्टोबरात जाणार. तिकडचा पगार इथल्या पगाराच्या कितीतरी पट. मुलींनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला लिहू, मलाही हायसं वाटलं. महिनाभर 'आय्यो' ऐकायचं, मग सुटका.

१४ सप्टेंबर

पावसाळा सरत आला तशी हगवणीची साथ आली. मुलांच्या वॉर्डात एका खाटेवर दोन दोन लेकरं आहेत. आम्हा सगळ्यांची ड्यूटी तिकडंच लावली आहे.

जिंतूरकडची एक कुसुमबाई आली आहे. पहिलटकरीण, माझ्याहून फार तर वर्षा-दोन वर्षांनी मोठी. तिचा मुलगा बसायला लागण्याइतका झाला आहे, पण डोळे खोल गेलेत, टाळू खाली बसली आहे. तो रडत नाही हे जास्त वाईट. सोबत तिचे सासरे गोविंदराव. फेटा, पितळेचा तांब्या, मोठा आवाज. गावात त्यांचा शब्द चालत असणार. मी पाणी नेऊन दिलं तर म्हणाले, "कोणाची गं तू?" मी सांगितलं. "ठेव तिथं," म्हणाले, आणि आपल्या तांब्यातलं प्यायले.

कुसुमबाई माझा हात सोडत नाही. "ताई, वाचंल न्हवं?" एवढंच सारखं विचारते. मी म्हणते, "वाचंल." सिस्टरनं मला असं म्हणायला मनाई केली आहे. जे ठाऊक नाही ते बोलायचं नाही, म्हणते.

१६ सप्टेंबर

आजचं सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी कुसुमबाई नळावर लुगडं पिळायला गेली होती. तेवढ्यात बाळाच्या हातापायाची शीर सापडेना म्हणून त्याला वरच्या मजल्यावरच्या खोलीत नेलं. तिथं डोक्याच्या शिरेतून सलाईन लावतात. कुसुमबाई परत आली तर खाट रिकामी. त्याच वेळी सिस्टर जिन्यावरून उतरत होती. काल संध्याकाळपासून ती घरी गेली नव्हती, बाळाजवळच होती. तिला वाटलं, आईला पटकन सांगावं. ती मराठीत म्हणाली,

"तुमचा बाळ गेला. वर गेला."

कुसुमबाईनं एक आवाज काढला. तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती खाली बसली आणि फरशीवर डोकं आपटायला लागली. शेजारच्या बाया धावल्या, त्याही रडायला लागल्या. गोविंदराव व्हरांड्यातून आत आले आणि खांबाला धरून उभे राहिले. सिस्टर मध्ये उभी. तिला काहीच कळेना. ती पुन्हा पुन्हा तेच म्हणायला लागली, "वर गेला, वर गेला," आणि बोटानं वर दाखवायला लागली.

मी हातातला ट्रे टाकला आणि कुसुमबाईचं डोकं धरलं. "माय, ऐक! लेकरू हाय! वरच्या माळ्यावर नेलंय, सुई लावायला नेलंय! जित्तं हाय!"

तिला ऐकू येईना. मग मी आणि कावेरीनं तिला दोन्हीकडून धरून जिन्यानं वर नेलं. बाळाच्या डोक्याला पट्टी होती, बाटलीतून थेंब थेंब पडत होतं, आणि ते टकामका बघत होतं. कुसुमबाई त्याच्या पायांवर तोंड ठेवून किती तरी वेळ तशीच राहिली. कपाळातून रक्त येत होतं ते तिनं पुसूही दिलं नाही.

संध्याकाळी मी क्वार्टरवर गेले. जावं की नाही कळत नव्हतं. सिस्टर खाटेवर बसली होती. टेबलावर कागद नव्हता.

"व्हॉट डिड आय से?" तिनं विचारलं.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. गेला म्हणजे गॉन. वर गेला म्हणजे गॉन अप. पण आमच्याकडं माणूस मेला की तसंच म्हणतात. सिस्टरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आय टोल्ड अ मदर..." एवढंच म्हणाली. तिच्या स्टोव्हवर मी चहा केला. तिला काळा चहा लागतो, मी सवयीनं दूध घातलं. तो तिनं तसाच प्याला.

मग नाक पुसून म्हणाली, "टीच मी."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

१९ सप्टेंबर

गोविंदरावांनी मोठ्या डॉक्टरांकडं तक्रार केली. "मद्रासी बाईला मराठी येत न्हाई. जित्या लेकराच्या मायला मेलं म्हणून सांगती. तिला वॉर्डातून काढा, न्हाईतर मी वरपर्यंत जातो." वरपर्यंत म्हणजे त्यांना जिल्हा परिषद म्हणायची होती.

मोठ्या डॉक्टरांनी त्या वेळी हजर असलेल्या सगळ्यांना जे पाहिलं ते इंग्रजीत लिहून द्यायला सांगितलं. एकटीनं लिहायचं, कोणाला विचारायचं नाही. मुली म्हणाल्या, जाऊ दे ना, नाहीतरी ऑक्टोबरात जाणारच आहे ती. पण तक्रारीनं घालवलं तर कुवेतवाले तरी घेतील का? मी टेबलाशी बसले. माझ्या एका ई नं किंवा ओ नं सिस्टरचं नुकसान झालं तर?

मी घडलं ते सगळं लिहिलं. शेवटी वाटलं, तिच्या स्वभावाबद्दल चांगला शब्द लिहावा. सिस्टरपाशी पुष्कळ धीर आहे, असं लिहिलं.

डॉक्टरांनी बोलावून घेतलं. चष्म्यावरून बघत म्हणाले, "तू लिहिलंयस, सिस्टरकडे पुष्कळ पेशंट आहेत. ते तर मीही बघतो."

पेशन्स आणि पेशंट्स! माझ्या कानाला दोन्ही एकच. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "सर, मला धीर म्हणायचं होतं."

"आहे का तिच्यात धीर? वर्गातला आवाज माझ्या खोलीपर्यंत येतो."

मी विचार केला. ते रोजचं आय्यो आठवलं. मग म्हणाले, "सर, मी तोच शब्द रोज चुकवते, आणि ती रोज परत विचारते."

डॉक्टरांनी लाल पेन घेऊन माझा शब्द नीट केला आणि कागद फायलीत लावला.

२२ सप्टेंबर

बाळ उतरलं. म्हणजे खालच्या वॉर्डात आणलं. आता मीसुद्धा शब्द जपून वापरायला लागले आहे. ते दूध ओढतंय. रडतंय तर असं की दोन वॉर्ड पलीकडं ऐकू जावं.

डॉक्टर राउंडला आले तेव्हा गोविंदरावांनी पुन्हा तक्रारीचं काढलं. कुसुमबाई सासऱ्यापुढं आजपर्यंत एक शब्द बोललेली मी ऐकली नव्हती. तिनं पदर पुढं ओढला, तोंड भिंतीकडं केलं आणि बोलली.

"मामा, त्या बाईनं वर गेलं म्हणलं ते खरं हाय. माझा जीवच गेला होता. पण लेकराला मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? तुमी बी झोपले, मी बी झोपले. ती न्हाई झोपली. तिला हितून काढताल तर मी लेकरू घेऊन तिच्या मागं जाईन."

गोविंदरावांनी फेटा काढला, पुन्हा बांधला. "बरं, ऱ्हाऊ दे तक्रार," म्हणाले. मग थोड्या वेळानं सिस्टरपुढं जाऊन हात जोडले. पाणी मात्र अजून आपल्याच तांब्यातलं पितात.

सिस्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "व्हॉट डिड शी से?" मी सांगितलं. लेकरू घेऊन मागं येईन, हेही सांगितलं. सिस्टर ड्रेसिंगच्या कपाटाकडं तोंड करून बराच वेळ बाटल्या लावत राहिली. त्या आधीच लावलेल्या होत्या.

१५ ऑक्टोबर

आता अर्धा वेळ माझे शब्द, अर्धा वेळ तिचे. मराठीतही इतके जुळे असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. ती आयांना विचारते, "तुमचा मुळा रडतो का?" आया एकमेकींकडं बघतात. काल तर कहर झाला. बाळानं ओकलं का, असं तिला विचारायचं होतं. ती म्हणाली, "बाळ ओळखला का?" ती माय खुशीनं म्हणाली, "ओळखतंय की! आजाला बी ओळखतंय!" सिस्टरनं गंभीरपणे लिहून घेतलं: उलट्या चालू. मी पळत जाऊन थांबवलं, नाहीतर त्या हसऱ्या लेकराला सलाईन लागलं असतं.

मी तिला ओकणं आणि ओळखणं कागदावर लिहून दाखवलं. ती पुन्हा चुकली. माझ्या तोंडून "आय्यो" निघालं. जीभ चावली. सिस्टर मात्र इतकी हसली की टेबलाला धरावं लागलं. ती हसते हे मला आजच कळलं.

२८ ऑक्टोबर

दिवाळी झाली. सिस्टर गेली नाही. बन्सीधर क्लार्क म्हणतात, तिनं स्वतःच पत्र लिहून कळवलं की फेब्रुवारीत येते. "असली नोकरी कोण लांबणीवर टाकतं हो? उद्या दुसरीला दिली तर?" असं ते सगळ्यांना विचारत हिंडायलेत. कुणी म्हणतं तिला विमानाची भीती वाटते. मला वाटतं तिला नाताळ ओळखीच्या माणसांत करायचा असेल. काही का असेना, माझं बरंच झालं. परीक्षेपर्यंत ती इथंच आहे.

२५ डिसेंबर

आज नाताळ. सिस्टरनं सकाळी प्रार्थना केली आणि दिवसभर ड्यूटी केली. संध्याकाळी नेहमीप्रमाणे शब्द. मी म्हणाले, आज तरी सुट्टी घ्या. ती म्हणाली, "एक्झाम टेक्स नो हॉलिडे." मग नाताळासाठी थांबली कशाला?

दुपारी बा आला होता. झरीच्या एसटीनं, नवं धोतर नेसून, वहिनीनं दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. सिस्टरपुढं उभा राहिला, "जयभीम बाई," म्हणाला. "लेक तुमच्या हवाली केली हाय. कशी हाय अभ्यासात?"

सिस्टरनं त्याच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "सत्यशीला इज क्वाइट गुड. क्वाइट गुड."

बाचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर लिंबाखाली बसला आणि हळूच म्हणाला, "दोनदा वाईट म्हणाली गं. लयच वाईट हाय का?"

मला आधी समजेना. मग समजलं आणि मी तिथंच मातीत बसून हसले. "बा, वाईट नव्हं, क्वाइट! बऱ्यापैकी चांगली, असं म्हणाली!"

"चांगली म्हणाली?"

"हो."

"मग तोंड तसं का केलं होतं?"

"तिचं तोंडच तसं हाय, बा."

तो उठला, धोतर झटकलं, आणि परत वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन सिस्टरला पुन्हा एकदा जयभीम करून आला. सिस्टरही हात जोडून नीट "जयभीम" म्हणाली. तो एसटीत बसला तेव्हाही हसत होता. सिस्टर बापासमोर चांगलंच बोलणार, तेवढं मला कळतं. पण तो हसत गेला, त्याबद्दल मी तिची जन्मभर आभारी राहीन.

१९ जानेवारी १९७४

परीक्षा झाली. इंग्रजीच्या पेपरात पेशंटवर रिपोर्ट लिहायचा होता. मी प्रत्येक शब्द दोनदा वाचला. एके ठिकाणी पेनच पुढं जाईना. मग डोळे मिटले आणि सिस्टरचा आवाज मनात आणला. तो आणायला फार कष्ट पडले नाहीत.

२ फेब्रुवारी

पास.

हे लिहून बराच वेळ नुसती बघत बसले.

सिस्टरनं माझा पेपर दाखवला. दोन ठिकाणी लाल गोल होते. "स्टिल?" म्हणाली. उपदेश आणि उपदेश करणं, यांतला सी आणि एस अजून मला चकवतात. मी म्हणाले, आणखी महिनाभर शिकवलं तर तेही जाईल. तिनं मान हलवली. टेबलावरचे कागद एकत्र केले, त्यांच्या कडा जुळवल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "नाऊ आय कॅन गो."

कुवेतचे कागद आले असावेत.

वहिनीला कळवायला भावाच्या नावानं पत्र टाकलं. त्याच्याकडून ती वाचून घेईल. वसमतच्या स्थळाचं त्यानं आता काढू नये, हेही त्यातच लिहिलं.

१७ फेब्रुवारी

सिस्टर गेली.

नाही, असं लिहायचं नाही. सिस्टर सिकंदराबादच्या गाडीनं रवाना झाली. आधी केरळात घरी, मग कुवेत.

स्टेशनवर मी आणि कावेरी होतो. बन्सीधर क्लार्कही आले होते, हार घेऊन. सिस्टरची एकच ट्रंक होती. ती बाकावर ताठ बसली होती, जणू गाडीलाच काहीतरी विचारणार आहे. गाडी आली. आम्ही ट्रंक चढवली. ती खिडकीशी बसली, माझा हात धरला आणि एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली,

"सत्यशीला, मी जाते."

मी म्हणाले, "सिस्टर, जाते म्हणू नये. येते म्हणायचं."

"येते? बट आय अ‍ॅम गोइंग."

"हो. पण निघताना येते म्हणतात."

तिच्या भुवया वर्गात चढतात तशा चढल्या. "दॅट इज रॉंग. मी येणार नाही. कुवेत जाणार, मग घर जाणार. इकडे नाही. मग येते कसं?"

"तसा अर्थ धरायचा नसतो, सिस्टर."

"शब्दाचा अर्थ धरायचा नाही? हे मी तुला शिकवलं?"

कावेरी तोंड फिरवून रुळांकडं बघायला लागली. ती हसतेय की रडतेय, कळेना. मला सिस्टरला सांगायचं होतं, खूप काही. सगळे दिवस, ते वेफर, बाला म्हणालेलं क्वाइट गुड. इंग्रजीत एकही शब्द सुचला नाही आणि मराठीत बोलले असते तर तिला अर्धंच कळलं असतं. मी नुसती म्हणाले, "थँक यू, सिस्टर." तिनं माझ्या उच्चाराची चूक काढली. काढली म्हणून बरं झालं, नाहीतर मी तिथंच रडले असते.

शिट्टी झाली. गाडी हलली. सिस्टर कपाळाला आठ्या घालून समोर बघत बसली, माझ्यावर रागावल्यासारखी. आमच्या हातातून खिडकी सुटली, मग डबा पुढं गेला. मी तिथंच उभी राहिले.

प्लॅटफॉर्म संपत आला तेव्हा खिडकीतून तिचं डोकं बाहेर आलं. वाऱ्यानं केस उडत होते, चष्मा एका हातानं धरला होता.

"येते!" ती ओरडली. "सत्यशीला, येते!"

मी "या" म्हणाले. इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसेल असं वाटलं, म्हणून धावत प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत गेले आणि जमेल तितक्या मोठ्यानं पुन्हा म्हणाले, "या, सिस्टर. या."